दहापैकी दोन

“दहापैकी दोन, मास्तर?” चपला काढता काढताच तिनं विचारलं. “बाहेरच्या स्पर्धेत याच फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. इथं आपल्या मंडळाच्या स्पर्धेत बाकीच्या दोघा परीक्षकांनी नऊ-नऊ दिले. आणि तुम्ही दोन?”

मास्तर रागावले नाहीत. “बस,” एवढंच म्हणाले.

आठवडाभर ती शिवणयंत्रावर असायची. सुट्टी मिळाली की एका पट्टीवर शेजारी शेजारी दोन कॅमेरे बसवून फोटो काढायची. एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. दोन भिंगांच्या डबीतून ते दोन्ही एकदम पाहिले की सपाट कागद आत आत उघडत जायचा, माणूस भिंतीपासून सुटून पुढं यायचा. हे वेड मास्तरांनीच लावलं होतं. फोटो मंडळातल्या सगळ्यांनाच त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. स्पर्धांबद्दल ते म्हणायचे, “परीक्षक म्हणजे हवामान. आज ऊन, उद्या ढग. मनाला लावून घ्यायचं नाही.” परक्यांनी कापलेले गुण तिनं कधी मनाला लावून घेतलेही नव्हते. पण मास्तर परके नव्हते.

शिवाय फोटो तिच्या मुलीचा होता. जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकलेली, हात असा पुढं केलेला की बघणारा दचकून मान मागं घ्यायचा.

“डोळ्यांत तेल घालून बघितला मी,” मास्तर म्हणाले. “खोलीच नाही गं त्यात. पोरगी भिंतीला डकवल्यासारखी दिसते. आणि तुलाच नाही, सगळ्यांनाच दोन-तीन दिलेत. साऱ्या मंडळाचा हात बिघडलाय. मीच कुठंतरी शिकवायला चुकलो. दुसरं काय?”

बोलता बोलता त्यांनी किटली उचलली. चहाची धार कपाच्या अलीकडे, बशीत पडली. त्यांनी कप सरकवला, पुन्हा ओतला. पुन्हा बशीतच.

“हात कापतो हल्ली,” ते ओशाळून म्हणाले.

हात कापत नव्हता. अगदी स्थिर होता.

तिचा राग कुठल्या कुठं गेला. ‘हो, यंदा घाईच झाली आमची,’ असं म्हणून ती उठू शकली असती. मास्तरांना काही कळलं नसतं. पण ते आपल्या शिकवण्यालाच दोष देत बसले असते, शेवटपर्यंत.

“तुम्ही कुठं चुकला नाहीत, मास्तर,” ती म्हणाली. “जरा एकेक डोळा झाका बघू. आधी उजवा.”

“हा काय पोरखेळ?” म्हणत त्यांनी डोळ्यावर तळवा ठेवला. मग त्यांचा दुसरा हात टेबलाची कड चाचपू लागला. ती अगदी समोर बसली होती.

“आहेस ना गं?” त्यांनी विचारलं.

“आहे.” तिनं त्यांचा हात धरला.

“कधी गेला गं हा डोळा? मला कळलंसुद्धा नाही.”

बराच वेळ त्यांनी तळवा काढला नाही. काढला तेव्हा तो ओला होता. तो त्यांनी धोतराला पुसला आणि तिच्याकडे बघून ते म्हणाले,

“म्हणजे फोटो चांगला आहे तर तुझा.”