थोरलीची ओळ

"परत," काचेमागून ध्वनिमुद्रक म्हणाला. ही सातवी वेळ होती.

थोरली अशी चुकणारी बाई नव्हती. पंधरा वर्षं ती या खोलीत सिनेमांना आवाज देत होती. एका दमात बोलायची, घोटभर पाणी प्यायची आणि घरी जायची. आज मात्र साध्या एका ओळीवर तिची गाडी अडली होती.

सिनेमा जुन्या कादंबरीवरचा, तीन बहिणींचा. नव्या दिग्दर्शकाने बहिणींच्या हातात मोबाईल दिले, त्यांना नोकऱ्या लावल्या, पण धाकटीचं मरण काही चुकवलं नाही. पडद्यावरच्या थोरलीला हिचा आवाज आणि धाकटीला हिच्याच सख्ख्या बहिणीचा. स्टुडिओतही दोघींना सगळे थोरली-धाकटीच म्हणायचे. धाकटीने आपलं काम दोन महिन्यांपूर्वीच, खोकत खोकत, उरकलं होतं.

"खोकला काय म्हणतोय तिचा?" ध्वनिमुद्रकाने सकाळीच विचारलं होतं.

"आता नाही खोकत," असं म्हणून थोरलीने हेडफोन चढवले होते.

त्याने आठव्यांदा सुरू केलं. हेडफोनमध्ये आधी धाकटीची बडबड यायची. "ताई, घाबरू नकोस हं, मी खोटं खोटं मरतेय." मग ती खुदकन हसायची आणि मग संवाद म्हणायची, "दिवा राहू दे ना." यावर थोरलीने एवढंच म्हणायचं होतं, "राहू देते. झोप तू."

"राहू दे... झोप," थोरली म्हणाली. "चुकले. परत लावता?"

काचेमागे बसलेला दिग्दर्शक घड्याळ बघत उठला. "पाचपर्यंत जमलं नाही, तर दुसरी बाई बोलवा. हिचं सगळं काम नव्याने करून घेऊ."

ध्वनिमुद्रकाला ते पटेना. एवढ्या वर्षांच्या कामाची अशी माती होऊ द्यायची? घोडं कुठे पेंड खातंय ते त्याच्या लक्षात आलं होतं. बडबड सुरू झाली की थोरली हसत होती. तिथेच तिचं चित्त उडत होतं.

नको ते ठेवायचं नाही, ही त्याची जुनी शिस्त. त्याने दोन बटणं दाबली.

"आता थेट संवादच येईल," तो म्हणाला. "ती बडबड पुसून टाकली."

"पुसली?"

"अगदी मुळातून. सिनेमात ती थोडीच लागणार होती."

थोरली पडद्याकडे वळली. म्हणाली, "लावा."

"राहू देते. झोप तू."

दिग्दर्शकाने मान डोलावली आणि तो निघून गेला.

ध्वनिमुद्रक खुशीत दार उघडून आत आला. "धाकटीला सांगा, तिच्या वात्रटपणापायी आज ताईचं काम जात होतं."

थोरलीने हेडफोन काढले नव्हते.

"सोमवारी गेली ती," थोरली म्हणाली. "मी चुकले की तुम्ही ते परत लावत होतात, दादा."