पहिलटकरणीची राखण

पहिलटकरणीला कसं जपावं हे अख्ख्या मुरबाड तालुक्याने धोंडीबाईकडून शिकावं, असं खुद्द धोंडीबाईचंच मत होतं. माहेरी नुसते लाड होतात, म्हणून रिवाज मोडून तिने सुनेला, सोनालीला, पहिल्या बाळंतपणाला आपल्याच नजरेखाली ठेवलं. पोटात बाळ मोठं झालं की अडतं, म्हणून चौथ्या महिन्यापासून तिची भाकरी अर्ध्यावर आणली. तीही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर.

आणि सरकारी दवाखान्यात सोनालीचं बाळ भरलं एक किलो नऊशे. ते काचेच्या पेटीत गेलं. शेजारच्या खाटेवर वीटभट्टीवरची जाई होती. तिचं भरलं तीन किलो.

"काटा बिघडलाय तुमचा, बाय!" धोंडीबाई सिस्टरवर कडाडली. "मी सुनेला उंबऱ्याभायेर पाय टाकू दिला नाय, आन ही आठव्या म्हयन्यापत्तुर विटा व्हायली!"

सिस्टरने तिच्याच पिशवीतला साखरेचा किलोचा पुडा काट्यावर ठेवला. बरोबर एक किलो.

बाळं बदलली असतील, असंही धोंडीबाईला वाटलं. पण सोनालीला मुलगा होता आणि जाईला मुलगी, तेव्हा हा संशय तिने लगेच गिळला. मग ती जाईच्या खाटेशी गेली.

"खरं सांग गो, काय खायचीस?"

"भूक लागल तवा भाकर न सुकट."

"आन तुझी सासू काय बोलायची नाय?"

"ती नाय आली भट्टीवर," जाई म्हणाली. "गावालाच ऱ्हायली."