भुईचाफ्याचा कंद

लढाई संपली त्या साली आष्ट्यात सुलाबाईनं शेजारच्या भामाबाईकडं भुईचाफ्याचा एक कंद मागितला. "न्हाई द्यायची मी," असं तोंडावर सांगून भामाबाई घागर घेऊन विहिरीला चालती झाली. वीस वर्षांचा शेजार असलेल्या बाईनं एवढ्याशा कंदाला नाही म्हणावं, हे सुलाबाईच्या जिव्हारी लागलं. भामाबाईचं खुरपं तिच्या भुईचाफ्याच्या वाफ्यातच पडलं होतं. त्याच खुरप्यानं तिनं एक कंद उकरला, पदराआड घेतला आणि आपल्या परसात पुरला. त्या दिवसापासून तिनं भामाबाईशी बोलणंच टाकलं.

पुढल्या फाल्गुनात, पानाचा पत्ता नसलेल्या कोरड्या मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर आली आणि त्यांचा वास कुंपणापलीकडं गेला. भामाबाई कुंपणावरून डोकावली. चोरी उघडी पडली होती. सुलाबाई मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभी राहिली.

भामाबाई मात्र फुलांकडं बघून हसली.

"लागला की गं. मागून नेलेला कंद लागत न्हाई, चोरूनच न्यावा लागतोय. म्हणून तर खुरपं वाफ्यात ठिवून गेलते."