हलका चाप

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षीची खंडेनवमी. निवृत्त सुभेदार रंगरावांनी पिस्तुलाचा जड चाप घरीच कानशीनं घासून हलका केला होता. आता नुसतं बोट टेकलं तरी बार उडे.

“दादा, कारागिराला दाखवा,” धाकटा भाऊ येसाजी म्हणाला.

“पूजा झाल्यावर बघू.”

“मग गोळ्या तरी काढा.”

“रिकामं हत्यार पुजू नये, असं आजा सांगायचा. फौजेत मी होतो का तू?”

येसाजी हसला. “बरं, सुभेदारसाहेब!” पाटावरच्या पिस्तुलाला त्यानं झेंडूची माळ घातली. दोरा चापात अडकला, म्हणून त्यानं अलगद ओढला आणि बार उडाला.

रंगराव आता खंडेनवमीला नुसता विळा पुजतात. त्यालाही माळ घालत नाहीत. “आज्याचं ऐकलं, भावाचं ऐकायचं राहिलं,” एवढंच म्हणतात.

येसाजी त्या खंडेनवमीला, आरतीच्या आधीच वारला.