रॉकेटचं टोक

आमच्या चिंचवडच्या कंपनीतले सुरेंद्र साहेब हौशी माणूस. त्यांच्याकडे एक जर्मन खेळण्यातलं रॉकेट होतं, पेटवलं की खरंच आभाळात जाणारं. ते मॉडेल बनायचंच बंद झालं होतं, म्हणून त्याचं हरवलेलं टोक आमच्या टर्नर रंगरावांनी कंपनीच्याच अॅल्युमिनियममधून, कंपनीच्याच लेथवर गुपचूप करून दिलं. खंडेनवमीला मशिनांची पूजा आटोपल्यावर रॉकेट मैदानात उडवलं, तर ते मॅनेजर आगाशे साहेबांच्या नव्या फियाटची काच फोडून आत जाऊन बसलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर आगाशे साहेबांनी ते चकचकीत टोक टेबलावर आपटलं. "रंगराव, कंपनीचा माल चोरून हे तुम्ही केलंत ना? खरं बोला, नाहीतर आजच घरी बसाल."

रंगरावांनी टोपी काढून हातात घेतली. "देवाशप्पथ साहेब, आमी हात बी लावला न्हाई."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते टोक उजेडात धरून बराच वेळ फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. हे काम परदेशातलंच. असलं फिनिशिंग आपल्या लोकांच्या हातून सात जन्मात व्हायचं नाही. सुटलात, जा."

रंगराव दारापर्यंत गेले, थांबले, आणि टोपी डोक्यावर घालून माघारी वळले.



"तीन नंबरच्या लेथवर झालंय ते, साहेब. चला, आत्ता दुसरं करून दावतो."