पदरात आणलेली शिंक

लघवीची नळी काढून बेळगावच्या गोऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जोरानं खोका.” ऑपरेशनचे टाके तुटतील या भीतीनं राजमती हळूच खोकली. निपाणीच्या वखारीत तंबाखू झाडताना प्रत्येक शिंकेला तिचं लुगडं भिजायचं. ओल्या लुगड्यानं बस्तीत जिनदेवापुढं कसं जाणार? ती बाहेर पायरीवर बसायची, सासू सोबतीला. डॉक्टरीणबाई गेल्यावर सासू म्हणाली, “खोटा खोकला काय कामाचा? वखारीत शिंका येत्यात.” तिनं पदराची गाठ सोडली, स्वतःचं नाक गच्च दाबलं आणि तंबाखूची पूड सुनेपुढं धरली. राजमतीनं डोळे मिटून खाटेची कड आवळली. शिंक सगळं अंग हादरवून गेली. तिला हलायचा धीर होईना. शेवटी सासूनंच चादर चाचपली. कोरडी होती. नाक तसंच धरून सासू कुजबुजली, “मी काय पायरीवर तुझ्या सोबतीला बसत न्हवते गं. भूल देताना लई भ्या वाटतं काय?”