झाकण लावलेली दुर्बीण

नळदुरुस्ती करणाऱ्या दिराने सांडपाण्याच्या पाइपची दुर्बीण बनवावी आणि तीतून चक्क धूमकेतू टिपावा, याचं वहिनीला कोण कौतुक! आरसा तर त्याने आठ महिने हाताने घासला होता. काल संध्याकाळचे फोटो ती सकाळीच बघायला बसली.

"भाऊजी, दृष्ट लागेल हो याला! शेपटीचा केस न् केस दिसतोय."

दीर चहा घेऊन आला आणि बघतच राहिला. "वहिनी, हे झाकण लावल्यानंतरचे फोटो आहेत."

कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळावेत म्हणून शेवटचे दहा फोटो तो दुर्बिणीवर पत्र्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसवून काढायचा. ते नेहमी काळेकुट्ट यायचे. "माझ्या झाकणातून उजेडाचा थेंब गळायचा नाही," असं तो छातीठोक सांगायचा.

ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली. दर फोटोत धूमकेतू आणखी मोठा, आणखी देखणा होत होता. दहाव्यात त्याच्या उजेडाने मागचा पत्रा उजळला होता, आणि पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं दिराचं नाव दिसत होतं.

"हे मी झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलंय," तो हळूच म्हणाला.

दोघांनी कोपऱ्यात पाहिलं. दुर्बीण कालपासून तशीच उभी होती. झाकणाच्या कडेने उजेड गळत होता.